जळालेले राजवाडे, उरलेले कागद

सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेला पाव्लोव्स्कचा राजवाडा आहे. त्यातल्या सिंहासन-दालनाचं छत सपाट आहे, पण खाली उभं राहून मान वर केली की ते सपाट वाटत नाही. भिंतींच्या वर रंगातले खांब उभे राहतात आणि त्यांच्यामधून आकाश दिसतं. पिएत्रो गोन्झागा या इटालियन नेपथ्यकारानं अठराव्या शतकाच्या अखेरीस या चित्राचा आराखडा काढला होता. प्रत्यक्षात ते कधी रंगवलं गेलं नाही. पुढे १९४४ साली राजवाडा जळाला, छपरं कोसळली. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी गोन्झागाचा तो जुना आराखडा पुढे घेतला आणि अनातोली त्रेस्किन या लेनिनग्राडच्या (सेंट पीटर्सबर्गचं सोव्हिएत काळातलं नाव) चित्रकाराकडून छत रंगवून घेतलं. तेव्हा स्टालिन जाऊन काही वर्षं झाली होती. झार पॉलच्या घरासाठी कल्पिलेलं छत कम्युनिस्ट राजवटीत पहिल्यांदा डोक्यावर आलं.

रशियाच्या शाही राजवाड्यांवरची पुस्तकं चाळताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पाव्लोव्स्क, त्सारस्कोये सेलो, पीटरहॉफ, गाचिना इथे आज पर्यटक जे पाहतात त्यातला मोठा भाग १९४४ नंतरचा आहे. तो जुन्या वर्णनांवरून, सामानाच्या याद्यांवरून, जलरंगातल्या चित्रांवरून आणि काचेवर घेतलेल्या छायाचित्रांवरून उभा राहिला. वास्तू आधी असते आणि पुस्तक तिच्या मागून येतं, हा सर्वसाधारण क्रम. इथे दोन-तीन पिढ्यांनी पुस्तक उघडं ठेवून वास्तू बांधली. म्हणून या ग्रंथांना छपाई देखणी आहे का, एवढंच विचारून भागत नाही. त्यांच्यावरून काय बांधता आलं, काय आलं नाही आणि लिहिणाऱ्यांनी काय गाळलं, याचाही हिशेब मागायला हवा.

पहिला मोठा कागद एका सुनेनं लिहिलेला आहे. १७७७ मध्ये नातू अलेक्झांडर जन्मला म्हणून सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीननं मुलगा पॉल आणि सून मारिया फ्योदोरोव्हना यांना स्लाव्यांका नदीकाठची जमीन दिली. स्कॉटिश वास्तुकार चार्ल्स कॅमेरूननं तिथे घर बांधलं. १७८१-८२ मध्ये नवराबायकोनं ‘उत्तरेचे काउंट आणि काउंटेस’ असं नाव धारण करून युरोपभर प्रवास केला आणि पॅरिसहून, रोमहून गाड्या भरभरून सामान आणलं. मारिया जर्मन घरातली, टापटिपीची आणि तपशिलाला चिकटून राहणारी. प्रवासातूनही ती पाव्लोव्स्कच्या कारभाऱ्याला पत्रांतून हुकूम सोडायची. हा कारभारी कार्ल क्युखेलबेकर म्हणजे पुढे पुश्किनचा शाळासोबती झालेल्या कवीचा बाप. १७९५ मध्ये मारियानं आपल्या राजवाड्याचं दालनागणिक वर्णन फ्रेंचमध्ये लिहून काढलं. कुठल्या खोलीत कुठलं मेज, त्यावर काय, पडदे कसले, हे सगळं त्यात आहे. साहित्य म्हणून त्यात वाचण्यासारखं फार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका कलामासिकानं ते छापलं तेव्हा जुन्या वस्तूंच्या शौकिनांपलीकडे त्याची कुणाला गरजही नव्हती. चाळीस वर्षांनी राखेत उभ्या असलेल्या वास्तुविशारदांना त्याची गरज पडली.

एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांवर फार रेंगाळायचं कारण नाही. इल्या याकोव्किननं १८२९ ते १८३१ मध्ये त्सारस्कोये सेलोचा तीन खंडांतला इतिहास लिहिला. १८४३ मध्ये पावेल श्तोर्खनं पाव्लोव्स्कच्या बागेची मार्गदर्शिका काढली आणि तिच्यात कवी झुकोव्स्कीनं स्वतः काढलेली दृश्यं घातली. १८६८ मध्ये गेइरोतचं पीटरहॉफचं वर्णन आलं. १८७७ मध्ये पाव्लोव्स्कची शंभरी झाली तेव्हा राजवाड्याचे तेव्हाचे मालक ग्रँड ड्यूक कोन्स्तान्तिन यांच्या हुकमावरून मिखाईल सेमेव्स्कीनं जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. मालकाच्या हुकमावरून निघालेल्या ग्रंथात जे असतं ते त्यात आहे. वाढदिवस, मेजवान्या, पाहुणे, पुतळे हे सारं सापडतं. बाग खणणारे सापडत नाहीत.

खरा बदल १९०७ नंतर झाला. त्या वर्षी पीटर्सबर्गमध्ये ‘स्तारिये गोदी’, म्हणजे जुनी वर्षं, या नावाचं मासिक सुरू झालं. प्योत्र वाइनर त्याचा संपादक. ‘कलाजगत’ गटाचा चित्रकार अलेक्झांद्र बेन्वा, बॅरन निकोलाय व्रांगेल, पेशानं रसायनशास्त्रज्ञ असलेला व्लादिमिर कुर्बातोव अशी माणसं राजवाड्यांकडे आणि गावाकडच्या हवेल्यांकडे कलावस्तू म्हणून पाहू लागली. बेन्वानं १९१० मध्ये एलिझाबेथ सम्राज्ञीच्या काळातल्या त्सारस्कोये सेलोवर भव्य ग्रंथ लिहिला. वास्तुकार रास्त्रेल्लीचा तिथला सोन्यानं मढलेला राजवाडा एकोणिसाव्या शतकातल्या लोकांना भडक वाटे. बेन्वानं त्याला रशियाच्या कलेच्या इतिहासात मानाची जागा मिळवून दिली. कुर्बातोवचं ‘बागा आणि उद्यानं’ हे पुस्तक १९१६ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना निघालं. वर्षभरात साम्राज्य कोसळणार होतं आणि ही माणसं वीथींची रुंदी मोजत बसली होती. यावर हसायचं असेल तर हसावं, पण त्यांनी मोजलं म्हणून पुढच्यांना बांधता आलं. वाइनरला मात्र सोव्हिएत सत्तेनं १९३१ मध्ये गोळी घातली.

क्रांतीच्या काळात सगळ्यांत मोलाचं काम झालं ते याद्यांचं. १९१७ च्या वसंतात झार पदच्युत झाला, ऑगस्टमध्ये त्याच्या कुटुंबाला त्सारस्कोये सेलोच्या अलेक्झांडर राजवाड्यातून तोबोल्स्कला हलवलं आणि लगोलग गेओर्गी लुकोम्स्कीच्या समितीनं खोल्यांची, सामानाची नोंद करायला घेतली. आंद्रेई झेएस्त या छायाचित्रकारानं काचेच्या रंगीत पट्ट्यांवर दालनं टिपली. सम्राज्ञीच्या खोलीच्या पडद्यांचा, भिंतींच्या रेशमाचा रंग नेमका कोणता, हे सांगणारा पुरावा त्यातून तयार झाला. गाचिन्यात काउंट वालेन्तिन झुबोव हेच काम करत होता, पाव्लोव्स्कमध्ये अलेक्झांद्र पोलोव्त्सोव. सरदार घराण्यातली ही माणसं बोल्शेविकांच्या शिक्षण खात्याकडून अधिकारपत्र घेऊन वस्तू सांभाळत होती. नव्या सत्तेतला कलेची जाण असणारा मंत्री लुनाचार्स्की त्यांच्या पाठीशी होता. पोलोव्त्सोव लवकरच देश सोडून गेला आणि १९१९ मध्ये त्यानं पॅरिसमध्ये आपली हकिगत छापली. झुबोव १९२५ मध्ये गेला. लुकोम्स्कीही परदेशात जाऊन त्सारस्कोये सेलोवर लिहीत राहिला. निर्वासितांच्या या पुस्तकांत हळहळ पुष्कळ आहे आणि ती समजण्यासारखी आहे. तरी राजवाडे वाचले ते त्यांच्या हळहळीमुळे वाचले नाहीत. क्रमांक टाकून, शिक्का मारून, वहीत ओळ भरून वाचले.

त्या वह्यांतल्या ओळी सोव्हिएत सरकारनंच पुढे खोडल्या. १९२८ ते १९३३ या काळात परकी चलनासाठी हर्मिटाज संग्रहालयातली चित्रं विकली गेली. एकट्या अँड्रयू मेलन या अमेरिकी धनाढ्यानं २१ चित्रं घेतली आणि ती आज वॉशिंग्टनला आहेत. उपनगरातल्या राजवाड्यांतून गालिचे, झुंबरं, चिनी मातीची भांडी गेली. झारांच्या ग्रंथालयांतली पुस्तकंही गेली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अशी अडीच हजारांहून जास्त पुस्तकं आहेत आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातही त्यांचा वाटा आहे. राजवाड्यातल्या खुर्चीवर बसून वाचलेलं पुस्तक मॅनहॅटनमध्ये आणि ती खुर्ची लेनिनग्राडमध्ये, अशी फाटाफूट झाली. जर्मन सैन्य यायच्या दहा वर्षं आधीच ही लूट घरातून सुरू झाली होती. सोव्हिएत काळातल्या एकाही मार्गदर्शिकेनं ती मोकळेपणानं सांगितली नाही.

मग १९४१ आलं.

या प्रकरणावर थांबायला हवं, कारण सगळ्या ग्रंथव्यवहाराची कसोटी इथे लागली. २२ जूनला जर्मनीनं हल्ला केला. त्सारस्कोये सेलोतला तरुण संग्रहपाल अनातोली कुचुमोव पहिल्या काही दिवसांतच सामान बांधायला लागला. बांधायला भुसा नव्हता, कागद नव्हता, तेव्हा उद्यानातलं ताजं कापलेलं गवत खोक्यांत भरलं. भिंती अंबरानं मढवलेलं अंबर दालन हलवायचा त्यानं प्रयत्न केला. प्रशियाच्या राजानं १७१६ मध्ये झार पीटरला भेट दिलेलं आणि १७५५ मध्ये त्सारस्कोये सेलोत आणलेलं ते अंबर वाळून इतकं ठिसूळ झालं होतं की हात लावला की तुकडे पडायचे. शेवटी त्यानं त्यावर कागद आणि कापड चढवलं आणि ते जागेवरच सोडलं. जर्मनांनी दालन उतरवून क्योनिग्सबर्गला नेलं. आजवर ते सापडलेलं नाही. कुचुमोव आपल्या खोक्यांबरोबर आधी गोर्कीला, मग सायबेरियात नोवोसिबिर्स्कला गेला आणि तिथल्या नव्या ऑपेराघरात खोकी राखत बसला.

पाव्लोव्स्कमध्ये अठ्ठावीस वर्षांच्या आन्ना झेलेनोवाकडे कारभार आला होता. खुर्च्यांचा अख्खा संच नेणं शक्य नव्हतं, म्हणून प्रत्येक संचातला एखादा नमुना निवडला. पुढे कधी बाकीच्या घडवायच्या झाल्या तर नमुना हाती असावा, हा विचार. घर जळण्याआधीच ते पुन्हा बांधायचा विचार या माणसांनी केला होता, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वाटतं. प्राचीन रोमन पुतळे तळघराच्या एका कोपऱ्यात ठेवून पुढे भिंत बांधली आणि ती जुनी दिसेल अशी केली. जर्मनांना ती अडीच वर्षं ओळखता आली नाही. बागेतले संगमरवरी पुतळे, शिल्पकार त्रिस्कोर्नीच्या तीन देवी धरून, जमिनीत खोल पुरले. उथळ पुरलं तर शत्रू उकरून काढील, खोल गेला तर कंटाळून थांबेल, असा झेलेनोवाचा हिशेब होता. तो खरा ठरला. सप्टेंबरात शत्रू उद्यानात शिरत असताना ती पायी लेनिनग्राडला निघाली. तिच्याजवळ याद्या होत्या, आराखडे होते.

लेनिनग्राडमधल्या सेंट आयझॅक कॅथीड्रलच्या तळघरात राजवाड्यांचं उरलेलं सामान ठेवलं होतं. संग्रहपाल तिथेच राहायचे. शहराला पडलेल्या ८७२ दिवसांच्या वेढ्यात लाखो माणसं उपासमारीनं आणि थंडीनं मेली. ओल चढणाऱ्या त्या तळघरात ही मंडळी खोकी उघडून रेशीम वाळवायची, नोंदी ताज्या करायची. २४ जानेवारी १९४४ ला पाव्लोव्स्क आणि पुश्किन (त्सारस्कोये सेलो गावाचं सोव्हिएत काळापासूनचं नाव) मुक्त झालं तेव्हा दोन्ही राजवाड्यांची छपरं गेली होती. पाव्लोव्स्कच्या उद्यानातली सुमारे ७० हजार झाडं तोडली गेली होती, पूल उडवले होते, जमिनीत सुरुंग होते. पीटरहॉफच्या कारंज्यावरचा सॅम्सनचा पुतळा नाहीसा झाला होता. अलेक्झांडर राजवाड्यासमोरच्या हिरवळीवर एसएसच्या सैनिकांची थडगी होती.

इथे राजवाड्यांच्या बहुतेक पुस्तकांची एक खोड सांगायला हवी. खुर्च्या किती गेल्या, घड्याळं किती गेली, हे ती अचूक सांगतात. ऑक्टोबर १९४१ मध्ये पुश्किन गावातल्या ज्यू रहिवाशांना जर्मनांनी गोळा करून याच उद्यानांच्या परिसरात गोळ्या घातल्या. त्यांचं स्मारक, वादिम सिदुर या शिल्पकाराची ‘दुःखाचं सूत्र’ ही कृती, थेट १९९१ मध्ये उभं राहिलं. बागेचा प्रत्येक चिनी पूल आणि प्रत्येक तुर्की मंडप दाखवणाऱ्या कितीतरी देखण्या ग्रंथांत त्या माणसांना एक ओळही नाही. वस्तूंच्या याद्या ठेवणाऱ्यांचं ऋण मोठं आहे. म्हणून यादीत नसलेल्यांना विसरायची मुभा मिळत नाही.

राजवाडे पुन्हा बांधावेत का, हा प्रश्न तेव्हा चर्चेत होता. अवशेष तसेच ठेवून त्यांना फॅसिझमच्या गुन्ह्याचं स्मारक करावं, असं म्हणणारे होते. देशात अडीच कोटी माणसांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. अशा वेळी झारांच्या दालनांवर सोन्याचा वर्ख चढवायचा, हा निर्णय वरवर पाहता संतापजनक वाटतो. माझ्या मते तो योग्य होता, आणि त्याचं श्रेय सरकारी अभिमानापेक्षा तयारीला द्यायला हवं. वेढा पूर्ण उठायच्या आधीच, १९४३ मध्ये, लेनिनग्राडमध्ये जीर्णोद्धाराचे कारागीर घडवणारी शाळा काढली गेली होती. गिलाव्याचं काम, लाकडावरचं कोरीवकाम, वर्ख चढवणं शिकलेली मुलंमुली त्यातून बाहेर पडली. राखेतून वेचलेले कोरीवकामाचे हजारो तुकडे क्रमांक टाकून ठेवलेले होते. खोल्यांची वर्णनं छापलेली होती. पीटरहॉफची कारंजी ऑगस्ट १९४६ मध्ये पुन्हा उडाली. सिमोनोव या शिल्पकारानं छायाचित्रांवरून सॅम्सन नव्यानं घडवला आणि १९४७ मध्ये तो बसवला गेला. पाव्लोव्स्कची पहिली दालनं १९५७ मध्ये उघडली आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सगळा राजवाडा उभा राहिला. कुचुमोव त्याचा मुख्य संग्रहपाल होता. तेव्हा गाचिन्याचं काम नुकतंच सुरू झालं होतं. त्सारस्कोये सेलोच्या कॅथरीन राजवाड्यातली सगळी दालनं तर आजही पूर्ण झालेली नाहीत. अंबर दालनाचं काम १९७९ मध्ये हाती घेतलं आणि ते २००३ मध्ये संपलं. शेवटच्या टप्प्यात पैसा जर्मनीच्या एका गॅस कंपनीनं दिला.

या काळातली सोव्हिएत पुस्तकं आपल्याकडच्या वाचकाला थोडीफार ओळखीची असतील. मुंबई-पुण्यात सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शनं भरत. गोर्की, टॉलस्टॉय आणि मुलांच्या गोष्टींच्या गठ्ठ्यांबरोबर कलाविषयक अल्बमही विलायती पुस्तकांच्या मानानं फारच स्वस्तात मिळत. लेनिनग्राडचं ‘अवरोरा’ प्रकाशन १९६९ पासून असे अल्बम काढत होतं. त्यांतली छायाचित्रं जरा भडक, प्रस्तावनेत वर्गलढ्याची दोन वाक्यं ठरलेली. त्या दोन वाक्यांवर नंतर बरीच चेष्टा झाली. पण राजवाडे वेठबिगार कारागिरांनी बांधले, कालवे सैनिकांनी खणले, हे वाक्य चुकीचं नव्हतं. पीटरहॉफच्या कारंज्यांना पंप लागत नाहीत. रोप्शाच्या उंचावरच्या झऱ्यांचं पाणी उतारानं येतं आणि आपल्याच दाबानं उडतं. १७२१ मध्ये वासिली तुवोल्कोव या अभियंत्यानं तो कालवा पुरा केला. पीटरची दूरदृष्टी म्हणून ग्रंथांत हे पाणी फार खेळवलं जातं. कालवा खणणाऱ्यांबद्दल बोलायला मात्र सोव्हिएत प्रस्तावनाच यावी लागली.

आता बागेकडे वळू. इथे पुस्तकांची मर्यादा उघडी पडते.

दालन हे नोंदीवरून पुन्हा करता येतं. रेशीम विणता येतं, वर्ख चढवता येतो. शंभर वर्षांचं लिंडनचं झाड कोणत्या आराखड्यावरून आणायचं? शिवाय बाग एका क्षणात थांबलेली नसते. कॅथरीननं १७७२ मध्ये व्होल्तेरला लिहिलेल्या पत्रात सरळ रेषांच्या बागांबद्दलचा तिटकारा आणि इंग्लिश धर्तीच्या बागांबद्दलचं वेड बोलून दाखवलं. लगेच पुढच्या वर्षी तिनं वेजवूड या इंग्लिश कारखानदाराकडे ९५२ नगांचा भोजनसंच मागवला. त्यावर ब्रिटनमधल्या वाड्यांची आणि बागांची १,२२२ दृश्यं रंगवलेली होती. जेवायच्या ताटांवर छापलेला बागांचा ग्रंथच तो. त्सारस्कोये सेलोच्या तळ्यात तिनं चेस्मेच्या आरमारी विजयाचा स्तंभ उभारला, काठावर तुर्कस्तानच्या युद्धांची स्मारकं मांडली. म्हणजे फिरायला निघालेला पाहुणा साम्राज्याच्या सरहद्दीवरून चालत होता. आंद्रेआस शोन्ले यांनी ‘द रूलर इन द गार्डन’ (२००७) या पुस्तकात बाग हे राज्य करण्याचं एक साधन कसं होतं ते नीट उलगडून दाखवलं आहे. द्मित्री श्विद्कोव्स्की यांनी कॅमेरून आणि कॅथरीन यांच्यावर लिहिलेला ग्रंथ (१९९६) त्याच्या शेजारी ठेवून वाचावा. पाव्लोव्स्कमध्ये गोन्झागानं कॅथरीनच्या या बागेच्या अगदी उलट केलं. मंडप नाही, शिलालेख नाही. झाडं तोडून आणि झाडं राखून त्यानं प्रकाशाचे पडदे उभे केले. बर्चची पांढरी खोडं, मागे पाइनचा काळोख, मध्ये मोकळं कुरण. नेपथ्यकाराचंच हे काम, फक्त पडदा उगवून यायला चाळीस वर्षं लागणार होती.

या विषयावरचं सर्वांत शहाणं पुस्तक एका भाषाशास्त्रज्ञाचं आहे. प्राचीन रशियन साहित्याचे अभ्यासक द्मित्री लिखाचोव तरुणपणी सोलोव्कीच्या छळछावणीत गेले, पुढे वेढ्यातली उपासमार त्यांनी पाहिली आणि १९८२ मध्ये, पंचाहत्तरी गाठल्यावर, ‘बागांची कविता’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. बाग ही प्रत्येक युगाच्या विचारांची आणि काव्याची सोबतीण असते, म्हणून तिचा अर्थ वनस्पतिशास्त्रापेक्षा साहित्यातून लागतो, हे त्यांचं म्हणणं. त्यामागे एक व्यावहारिक भांडणही होतं. त्सारस्कोये सेलोच्या राजवाड्यासमोरची जुनी झाडं ‘मूळ स्वरूप आणण्यासाठी’ तोडली गेली, त्याचा त्यांना अतोनात राग होता. रास्त्रेल्लीच्या काळी तिथे छाटलेली कुंपणं होती हे खरं. पण नंतरच्या दोनशे वर्षांत पुश्किन तिथे शाळेत शिकला, झाडं उंच झाली, त्या सावलीत रशियन कविता घडली. मूळ म्हणायचं ते कोणतं? वास्तुतज्ज्ञ आराखड्याची तारीख दाखवतात. लिखाचोव म्हणत होते की बागेत सगळ्या तारखा एकाच वेळी जगत असतात आणि त्यातली एक निवडणं म्हणजे बाकीच्यांवर कुऱ्हाड घालणं.

लिखाचोव १९९९ मध्ये गेले. दहा वर्षांनी पीटर्सबर्गच्या ग्रीष्म उद्यानावर तीच कुऱ्हाड पडली. १७७७ च्या पुरात तिथली पीटरकालीन कारंजी उद्ध्वस्त झाली होती. त्यानंतर ते शांत, दाट सावलीचं उद्यान झालं आणि शहरानं त्याच्यावर तसंच प्रेम केलं. २००९ ते २०१२ मध्ये जुनी खोदचित्रं आणि अठराव्या शतकातले आराखडे समोर ठेवून कारंजी परत आणली, जाळीदार कुंपणं घातली, संगमरवरी मूळ पुतळे मिखाइलोव्स्की किल्ल्यात नेऊन त्यांच्या जागी प्रतिकृती ठेवल्या. पुतळे हवेच्या प्रदूषणापासून वाचले, हे खरंच. मात्र पीटर्सबर्गच्या जुन्या रहिवाशांना आपलं उद्यान ओळखता येईना आणि त्यांची ती तक्रार अजून गेलेली नाही.

मॉस्कोत तर याच्याही पुढची मजल गेली. त्सारित्सिनोचा राजवाडा कॅथरीननं वास्तुकार बाझेनोवकडून बांधून घेतला, न आवडल्यानं पाडायला लावला, मग काझाकोव या दुसऱ्या वास्तुकाराकडून पुन्हा सुरू केला. १७९६ मध्ये ती वारली आणि तो अर्धवट राहिला. दोनशे वर्षं छप्पर नसलेले ते अवशेष लोकांच्या फिरण्याची, चित्र काढण्याची जागा होते. २००५ ते २००७ मध्ये मॉस्कोच्या महापौरांनी तो ‘पूर्ण’ केला. सोनेरी दालनं आली, तळ्यात संगीतावर नाचणारं कारंजं आलं. कॅथरीननं जिथे एक रात्र काढली नाही, असा तिचा राजवाडा तयार झाला. वरकरणी पाहिलं तर पाव्लोव्स्कचं छत आणि त्सारित्सिनोची दालनं सारखीच वाटतील, दोन्ही कागदावरून आलेली. फरक नोंदीचा आहे. पाव्लोव्स्कच्या संग्रहपालांनी काय जुनं, काय नवं, कोणता तुकडा कुठून आला, हे लिहून ठेवलं. त्सारित्सिनोत लिहून ठेवण्यासारखं जुनं काही नव्हतंच. स्त्रेल्नाचा कोन्स्तान्तिन राजवाडाही याच काळात राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान म्हणून नव्यानं सजला आणि २००६ मध्ये तिथे जी-आठ देशांचे प्रमुख जमले. सत्तेला राजवाडे पुन्हा हवेसे झाले होते.

पुस्तकांचं वारंही त्याच दिशेनं वाहिलं. १९९१ नंतर जुन्या मार्गदर्शिका जशाच्या तशा छापल्या गेल्या. विल्च्कोव्स्कीची १९११ ची त्सारस्कोये सेलोवरची मार्गदर्शिका १९९२ मध्येच बाहेर आली. ते चांगलं काम होतं. त्यापाठोपाठ चकचकीत कागदावरचे, मनगट दुखवतील इतके जड ग्रंथ आले. शेवटचा झार, त्याची बायको, मुलांची खेळणी, सम्राज्ञीची फिकट जांभळी खोली. २०२१ मध्ये अलेक्झांडर राजवाड्यातल्या कुटुंबाच्या खासगी खोल्या पुन्हा उघडल्या तेव्हा जीर्णोद्धाराला आधार होता तो १९१७ च्या त्या रंगीत काचांचा आणि जुन्या नोंदींचा. ही गोष्ट कौतुकाची. पण या ग्रंथांत राजवाडा जणू १९१७ पासून आजपर्यंत कुलूप लावून जपलेला होता, असा भास पसरवला जातो. कालच वर्ख चढवलेल्या भिंतीचं छायाचित्र आणि खाली मजकूर अठराव्या शतकाचा. फसवणूक म्हणायला जीभ कचरते, पण दुसरा शब्द सापडत नाही.

इंग्रजीतून वाचणाऱ्या मराठी वाचकानं यातलं काय घ्यावं? पाव्लोव्स्कवरचं सुझान मासी यांचं पुस्तक (१९९०) अजूनही पहिलं. मासी अमेरिकन, राष्ट्राध्यक्ष रेगन यांना रशियाबद्दल सल्ला देणाऱ्या. कुचुमोव आणि झेलेनोवा या दोघांनाही त्या ओळखत होत्या, त्यामुळे १९४१ नंतरची त्यांची पानं ऐकीव वाटत नाहीत. मारिया फ्योदोरोव्हनाबद्दलचा त्यांचा गोडवा थोडा सोसावा लागतो. बागांसाठी पीटर हेडन यांचा ‘रशियन पार्क्स अँड गार्डन्स’ (२००५) हा भरवशाचा आणि शोन्ले त्याहून विचार करायला लावणारा. कारागीर, वेठबिगार आणि गावाकडच्या हवेल्यांमधलं जगणं समजून घ्यायचं तर प्रिसिला रूझवेल्ट यांचं ‘लाइफ ऑन द रशियन कंट्री इस्टेट’ (१९९५) हवंच. आणि दुकानात किंवा ग्रंथालयात एखादा नवा सोनेरी ग्रंथ हाती लागला, तर आधी शेवटची सूची उघडून १९४४ हे साल शोधा. ते नसेल, तर पुस्तक तिथेच ठेवा.